वाटणी करायला अवघड चॉकलेट : टोनीज चोकोलोनली, लाल वेष्टन, १८० ग्रॅम

आधी एक इशारा. घरात दोन मुलं असतील तर हे चॉकलेट त्यांच्या देखत फोडू नका. नेहमीच्या वडीसारखे सरळ चौकोन यात नाहीत. एक तुकडा तिरक्या बांधाच्या वावरासारखा, एक लांबुळका, एक एवढासा की दाढेखाली सापडू नये. वडी चांगली जाड आहे, त्यामुळे सुरी घेऊन समान वाटे करायला गेलं की निम्मा भुगा होतो. आमच्याकडे धाकटीचं ठाम मत आहे की दादाला नेहमी मोठा मिळतो. दादाचं मत उलट. मी भुगा खाते.

तुकडे मुद्दाम असे केलेत. २०१२ पासून. कोकोच्या धंद्यातच वाटणी समान नाही, तर वडीत कशाला समान, असा टोनीज कंपनीचा हिशोब. खालच्या बाजूचे तुकडे म्हणे गिनीच्या आखातावरचे देश आहेत : आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो-बेनिन, नायजेरिया, कॅमेरून. मी मुलाच्या ॲटलासवर ठेवून ताडून पाहिलं. घाना ओळखू आला, बाकीचं श्रद्धेवर सोडलं.

आम्ही राहतो ॲमस्टेलव्हेनला, ॲमस्टरडॅमच्या कुशीत. इथे दर तिसऱ्या बिल्डिंगमधून फोडणीचा वास येतो. चॉकलेट कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात मिळतं, चार युरोच्या आसपास. त्याच फळीवर दीड-दोन युरोची चॉकलेटंही असतात. मी राहुरीकडची, दुप्पट पैसे का द्यायचे हा प्रश्न मला पडणारच.

चव चांगली आहे. लाल वेष्टनातलं दुधाचं, कोको ३२ टक्के, गोड आणि भरगच्च. दोन तुकड्यांवर मला पाणी लागतं. नारिंगी वेष्टनातलं कॅरमेल आणि समुद्री मिठाचं मला जास्त आवडतं, कारण त्यात पाक जरा पुढे गेलेल्या चिक्कीचे असावेत तसे कडक कण दाताखाली येतात आणि मागून मीठ. चवीला पाचपैकी चार. पण चवीसाठी एवढं लिहायला मी बसले नसते.

वेष्टन फाडू नका, उलगडा. आत छापलंय ते वाचण्यासारखं आहे. टिउन फान द कुकन नावाचा एक डच टीव्ही पत्रकार. पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोच्या मळ्यांत मुलांना राबवतात, काहींना विकत घेऊन राबवतात, हे त्याला कळलं. मग या गड्याने कॅमेऱ्यासमोर चॉकलेटं खाल्ली आणि स्वतःविरुद्धच तक्रार दिली, की मी गुन्ह्यातून आलेला माल जाणूनबुजून घेतलाय, मला शिक्षा करा. कोर्टाने काही त्याला आत टाकलं नाही. दरम्यान २००५ साली त्याने स्वतःच वड्या काढल्या, पहिल्या खेपेला ५०००. टिउनचं झालं टोनी, आणि या भांडणात आपण एकटेच आहोत म्हणून लोनली.

तेच २००५ साल बाकीच्यांसाठीही ठरलेलं होतं. २००१ मध्ये अमेरिकेत मोठमोठ्या चॉकलेट कंपन्यांनी हार्किन-एंगेल करारावर सह्या केल्या होत्या, की आयव्हरी कोस्ट आणि घानाच्या कोकोतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५ पर्यंत संपवू. पाचाचे आठ झाले, आठाचे दहा, आणि २०१० मध्ये ठरलं की २०२० पर्यंत ७० टक्के कमी करू. २०२० उजाडलं. शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या एनओआरसी संस्थेने मोजलं तर २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांत कोकोच्या कामावर १५ लाख ६० हजार मुलं निघाली. जगातला निम्म्याहून जास्त कोको याच दोन देशांतून येतो, म्हणजे फळीवरचं कुठलंही चॉकलेट उचला, त्यात तिथला कोको असण्याचीच शक्यता.

यातली बहुतेक मुलं विकत आणलेली नसतात, शेतकऱ्याची स्वतःचीच असतात. कोकोच्या शेंगा कोयत्याने फोडायच्या, बिया काढून केळीच्या पानांत आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या, पोती वाहायची. बाप मजूर लावत नाही कारण मजुरी भागेल एवढा भाव मिळत नाही. त्यामुळे भाव न वाढवता नुसतं 'मुलांना शाळेत घाला' म्हणण्याला अर्थ नाही. टोनीज सरकारी भावावर वरून जास्त पैसे देतात, सहकारी संस्थांशी किमान पाच वर्षांचा करार करतात आणि कुठली बी कुठल्या संस्थेतून आली याचा माग ठेवतात. दुप्पट किमतीतलं थोडं तरी तिकडे जातं.

कोयता म्हटल्यावर मी पुढचं वाचू शकले नाही, खरं सांगते. आमच्याकडे ऊसतोडीत कोयता हे माणसं मोजायचं माप आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून कोयते यायचे, साखर कारखान्याच्या कडेला कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडायच्या, आणि आमच्या वर्गात मधेच दोन-तीन नवी मुलं बसायची. पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की गायब. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची, तिच्या डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण होता. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधताना लागलं म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची असेल, कारण मी नऊची होते.

अण्णा, माझे वडील, त्या कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. भरलेली गाडी काट्यावर यायची, मग रिकामी यायची, पावती फाटायची. पावतीवर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, गाडी नंबर, टन, क्विंटल. ऊस कोणी तोडला ते कुठेच नाही. तोडणारे मुकादमाचे. मुकादमाने उचल (आगाऊ पैसे) दिलेली, उचल फिटेपर्यंत ती माणसं त्याच्या वहीत. कारखान्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, ते आमचे कामगार नाहीत.

हेच उत्तर जगभर चालतं, फक्त कागद भारी असतो. मालीतल्या सहा जणांनी नेस्ले आणि कोकोचा व्यापार करणाऱ्या कारगिलवर अमेरिकेत दावा लावला होता, की लहानपणी आम्हाला आयव्हरी कोस्टला नेऊन कोकोत राबवलं. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला : कंपनीचे कारभाराचे निर्णय अमेरिकेत झाले एवढ्यावर इथे दावा चालणार नाही. कोयता तिकडे, काटा इकडे.

कागदावर मात्र याचं उत्तर २०११ पासून आहे. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने त्यांचेच विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेली, कंपन्यांनी माणसांचे हक्क कसे जपायचे याची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. त्यातला मला समजलेला भाग असा, की कंपनीची जबाबदारी स्वतःच्या पगारपत्रकापाशी थांबत नाही. ज्याच्याकडून माल येतो, त्याच्या मागे जो उभा आहे, तिथपर्यंत जाऊन शोधायचं, सापडेल ते सांगायचं आणि निस्तरायचं. म्हणजे मुकादमाच्या वहीपर्यंत. बंधन म्हणून नाही, कायदा वेगळा. पण 'आमचे नाहीत' हे उत्तर तिथे चालत नाही.

आता टोनीजवरची टीका, कारण ती लपवून उपयोग नाही. त्यांचं चॉकलेट प्रत्यक्षात बनवते बॅरी कॅलेबो ही अवाढव्य कंपनी. त्याच कारणाने २०२१ मध्ये 'स्लेव्ह फ्री चॉकलेट' या संस्थेच्या, गुलामीमुक्त चॉकलेटवाल्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं गेलं. ते म्हणतात, आमच्या बिया वेगळ्या ठेवून वेगळ्या दळतात आणि मोठ्यांना बदलायचं तर मोठ्यांच्याच गिरणीत जायला हवं. पटतं का? मला अर्धं पटतं. गिरणीवाल्याला वेगळं दळण परवडतं हे एकदा दिसलं की 'जमत नाही' म्हणता येत नाही, हे खरं. पण त्याच गिरणीत बाकीचंही दळलं जातं, हेही खरं.

आणि दुसरी गोष्ट. एका वर्षी त्यांनी जाहीर केलं की आमच्या पुरवठ्याच्या साखळीत बालमजुरीची सुमारे १७०० प्रकरणं सापडली. आदल्या वर्षी ३८७ होती. इंग्लंडच्या पेपरांत मथळे आले, नैतिक चॉकलेटवाल्यांकडेच मुलं राबतात म्हणून. आमच्या मराठी ग्रुपवरही ती बातमी फिरली, खाली तोंड वेंगाडलेले हसरे चेहरे. एकीने लिहिलं, घ्या, दुप्पट पैसे मोजा.

मी हे अण्णांना फोनवर सांगितलं. काट्यावर चौतीस वर्षं काढलेला माणूस. ते म्हणाले, "अगं, आकडा वाढला म्हणजे कोणीतरी घरोघर जाऊन मोजायला लागलं. शून्य लिहिणं सगळ्यात सोपं. आम्ही कायम शून्यच लिहायचो."

झालं होतं तसंच. त्या वर्षी नव्या संस्था जोडून घेतल्या, तिथे पहिल्यांदाच गावागावांतून माणसं फिरली, म्हणून आकडा फुगला. तेव्हापासून मी चॉकलेट घेताना वेष्टनावरचे शिक्के बघत नाही. कंपनीने किती मुलं सापडली ते छापलंय का, एवढंच बघते. बहुतेक ठिकाणी मुलं किती सापडली यापेक्षा कार्यक्रम किती गावांत पोचला हेच मोठ्या अक्षरात असतं. 'आमच्याकडे एकही नाही' असं कोणी म्हटलं की मला आमच्या पावत्या आठवतात.

तर घ्यावं का? महिन्यातून एक, हो. रोजच्या खाण्याला महाग आहे आणि गोडही. भेट द्यायला उत्तम, वेष्टनं रंगीबेरंगी असतात. भारतात नेणार असाल तर हिवाळ्यात न्या.

मी डिसेंबरात सहा वड्या नेल्या होत्या. संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. अण्णांनी चष्मा लावून वडी उलटीसुलटी केली, वजन वाचलं (सवय!), मग घटक. "पहिलं नाव साखरेचंय की," म्हणाले. "आणि तू मला तासभर कोकोचं सांगतीयेस."

मग कारखान्यावर तेव्हा कोणी मोजलं असतं तर आकडा किती निघाला असता, हे ते बोटांवर करायला लागले. टायरगाड्या किती, गाडीमागे पोरं किती, त्यातली वाढं बांधणारी किती, कोपीवर धाकट्याला सांभाळत बसलेल्या पोरी धरायच्या का नाही. धरायच्या, आई म्हणाली. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोवर धाकटीने घाना पळवला होता.