ग्रुपवर आलेली पीडीएफ की दुकानातलं पुस्तक?

नव्या कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट येऊन पडली आहे. दुकानात तीच ३५० रुपयांना. उघडावी का?

आधी पैशांचं बघू. मानधनाचा टक्का करारागणिक बदलतो. दहा धरला तर लेखकाच्या हाती प्रतीमागे ३५ रुपये. हजाराची आवृत्ती पूर्ण खपली, तरी सगळे मिळून ३५,०००. एवढ्या लहान बाजारात पन्नास गिऱ्हाईकं गळाली तरी दुसरी आवृत्ती लांबते. ‘मी तसंही घेणार नव्हतो’ हे अनेकदा खरं असतं. पण ग्रुपातले सगळेच तसे नसतात.

यावर हमखास येणारा प्रश्न: वाचनालयातून आणलं किंवा जुन्या बाजारात घेतलं, तर लेखकाला काय मिळतं? नव्याने काहीच नाही. पण ती प्रत एकदा कुणीतरी विकत घेतलेली असते आणि एका वेळी एकाच्याच हातात राहते. तुम्ही परत कराल तेव्हा पुढच्याचा नंबर. पीडीएफ पुढे पाठवली की तुमचीही उरते आणि दोनशे जणांचीही होते. म्हणून मला वाचणाऱ्यापेक्षा पुढे ढकलणारा जास्त खटकतो. कॉपीराइट कायद्यात (१९५७) जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना कुणी पकडायला येत नाही, ही गोष्ट वेगळी.

पैशांची अडचण असेल तर वाचनालयच. परदेशात असाल तर ई-बुक. टपालखर्च पुस्तकाहून जड होतो.

पुस्तक चाळीस वर्षं छापलेलंच नाही, प्रकाशन बंद, वारसांचा पत्ता नाही, तर? कायदा इथे सूट देत नाही. मी मात्र अशी पीडीएफ उघडते, आणि मला झोप लागते.

काही वेळा हा पेचच नसतो. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११पासून मोकळं आहे. पु. लं.चं २०६०च्या अखेरपर्यंत नाही. ई साहित्य प्रतिष्ठान तर लेखकांच्या संमतीनेच फुकट पुस्तकं देतं. फक्त मजकूर मोकळा असला, तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं मोकळी असतीलच असं नाही.