स्ट्रासबूर्गला मुक्काम करायचा की कोलमारला?

फ्रान्समधल्या आल्सास प्रांताला निघालेले दोघे-तिघे एवढ्यात हाच प्रश्न विचारून गेले. मी दोन्हीकडे राहिलोय. आधी स्ट्रासबूर्गला चार रात्री, मग दोन वर्षांनी कोलमारला तीन.

स्ट्रासबूर्गला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. अरुंद गल्लीतून चालता चालता कॅथेड्रल एकदम अंगावर येतं. त्याला १४२ मीटरचा एकच मनोरा, जोडीचा दुसरा बांधायचा राहूनच गेला. १८७१ ते १९४५ या काळात या मुलखाने फ्रान्स-जर्मनी असा चारदा देश बदलला, आणि ते पदोपदी दिसतं. रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि इथल्या आल्साशियन बोलीत. ट्रामने ऱ्हाइन ओलांडली की जर्मनीतलं केल गाव. बाकी फ्रान्समध्ये आगगाड्या डावीकडून धावतात, इथे उजवीकडून. जर्मनांच्या काळातली ती रीत तशीच राहिली.

पण तुम्हाला ओढ वाइनची असेल, तर द्राक्षमळ्यांतली नावाजलेली गावं बरीचशी कोलमारच्या आसपास आहेत. स्ट्रासबूर्गहून कोलमार रेल्वेने अर्धा-पाऊण तास, पुढे बस. कागदावर सोपं वाटतं. आम्ही रिकवीर गावी एका तळघरात बसलो होतो. मालक शिस्तीने वाइनची चव देत होता: आधी कोरडी रीसलिंग, मग पिनो ग्री, आणि गुलाब-लिचीच्या वासाची गोडसर गेवुर्त्सट्रामिनेर सगळ्यात शेवटी. त्याने ती बाटली उचलली आणि इकडे बायकोने मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. उठलो, धावलो. बस आमच्यादेखत गेली. पुढचा सव्वा तास आई थांब्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. उरलेल्या दिवसांतही तेच, दुपार झाली की नजर वेळापत्रकावर.

गाडी भाड्याने घ्या, असं कुणी म्हणेल. घ्या की. पण मग चालवणाऱ्याने घोट तोंडात घोळवून थुंकायचा. मला नाही जमत.

कोलमारचेही तोटे आहेत. दिवसा पाण्याकाठच्या ‘छोट्या व्हेनिस’ वस्तीच्या पुलावर फोटोवाल्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, आणि गाव दीड दिवसात संपतं. (उंटरलिंडन संग्रहालयातल्या चित्रकार ग्रूनेवाल्डच्या इझेनहाइम वेदीचित्रासाठी (चर्चच्या वेदीसाठी केलेलं चित्र) मात्र निवांत तास काढा, हे न बघता परतलेले लोक मला माहीत आहेत.) रात्री लवकर सामसूम होते. मला ते आवडलं, तुम्हाला कदाचित नाही आवडणार.

शाकाहाऱ्यांची पंचाईत दोन्हीकडे सारखीच. फ्लामकुश या पातळ, कुरकुरीत, पिझ्झासारख्या पदार्थावर कांद्यासोबत डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच. मागवताना ‘साँ लार्दों’ म्हणायचं, म्हणजे ते घालत नाहीत.

मुलं लहान असतील, पाऊस असेल किंवा पहिल्यांदाच जात असाल, तर स्ट्रासबूर्ग चुकीचं म्हणणार नाही. डिसेंबरातल्या ख्रिसमस बाजारासाठी तर तेच. एरवी मला विचाराल तर... कोलमारहून एगिसहाइम गाव सायकलने अर्धा तास, बराचसा रस्ता द्राक्षमळ्यांतून. तिथल्या गोल गोल गल्ल्यांतून संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेल्यावर एका अंगणात आम्ही तिघं बसलो, आणि या वेळी गेवुर्त्सट्रामिनेरपर्यंत पोहोचलो. परत जाताना आईला टॅक्सी करून दिली, आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत निघालो.