धबधब्याच्या माथ्यावर, एका दिवसात: मढे घाट की काळू?

देवकुंडला जाऊन आलेली माणसं पुढच्या पावसाळ्यात हमखास विचारतात, पायथ्याशी उभं राहून झालं, आता धबधब्याच्या माथ्यावर जायचं तर कुठं? पुण्यातून पहाटे निघायचं आणि रात्री घरी जेवायला यायचं, एवढी अट. माझ्याकडे याची दोन उत्तरं आहेत. एक, वेल्ह्याच्या पलीकडे केळदजवळचा मढे घाट. दुसरं, माळशेजच्या अलीकडचं खिरेश्वर आणि तिथून काळू धबधब्याचा माथा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण फोटो बघून बेत ठरवणाऱ्यांची इथंच निराशा होते. माथ्यावरून धबधबा दिसत नाही. ओढा कड्याशी येतो, दोन पावलांत नाहीसा होतो आणि दरीतून नुसता आवाज येत राहतो. समोर कोकण असतं, तेही ढग बाजूला झाले तर. मला हेच आवडतं. पण धबधबा डोळे भरून बघायचा असेल तर मढे घाट निवडा, कारण तिथं दोन्ही साधतं.

ते असं. केळदहून कोकणात दोन जुन्या वाटा उतरतात, उपांड्या आणि मढे. सकाळी उपांड्याने खाली कर्णवडीत उतरायचं आणि दुपारी मढे घाटाने वर यायचं. चढताना लक्ष्मी धबधबा समोर येतो, मग बाजूला येतो आणि शेवटी तुम्ही त्याच्या डोक्यावर येता. खालून वर जाताना त्याची उंची पोटऱ्यांना कळलेली असते, त्यामुळे माथ्यावर टेकलं की वेगळंच वाटतं. मधल्या थांब्यांसकट आम्हाला सहा तास लागले. सिंहगडच्या लढाईनंतर, १६७० साली, तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं कोकणात त्यांच्या गावी, उमरठला नेला असं या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या चिखलात दोन्ही हात मोकळे ठेवूनही चढताना दमछाक होते, तेव्हा खांद्यावर पालखी घेऊन उतरणाऱ्यांचा विचार आल्याशिवाय राहत नाही.

ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी केळदच्या बाजूनं गाडी माथ्याच्या बरीच जवळ जाते. म्हणून आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी दुसरा पर्याय सुचवतच नाही. पण याच सोयीमुळे जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग, कणसांच्या गाड्या आणि मोठ्यानं लावलेली गाणी असतात. मधल्या वारी जा. नसरापूरहून वेल्हे आणि पुढे पासलीमार्गे केळद, पुण्यापासून सत्तर किलोमीटरच्या आसपास. स्वारगेटहून वेल्ह्यापर्यंत एसटी आहे, पुढच्या टप्प्यासाठी स्वतःचं वाहन असलेलं बरं.

काळूचा बाज निराळा. पुण्याहून साधारण १३० किलोमीटर, त्यात चाकणची कोंडी, म्हणून साडेचारला घर सोडायचं. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर आणि मग पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याकडेने खुबी फाटा. खिरेश्वरात नागेश्वराचं कोरीव देऊळ आहे, ते परतीसाठी ठेवू नका, परत येताना अंगात त्राण नसतं. बहुतेक लोक या गावातून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगडावर जातात. आपण त्यांची वाट सोडून पठारावरून कड्याकडे निघायचं.

चढ असा फारसा नाही. आम्हाला एका बाजूला अडीच तास लागले. कस लागतो तो ओढ्यांमुळे. एकामागून एक पाणी ओलांडावं लागतं आणि धुक्यात सगळं पठार सारखंच दिसतं. इथं पाणलोट दुभंगतो, हे मला फार आवडतं. गावाच्या बाजूचं पाणी पुष्पावतीतून कुकडीला, घोडला, भीमेला मिळत बंगालच्या उपसागराकडे जातं. कड्यावरून उडी घेणारं पाणी काळू नदी होऊन टिटवाळ्यावरून उल्हासला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. पठारावर कुठल्या थेंबाच्या वाट्याला काय येईल, ते हातभर उतारावर ठरतं.

काळूची उंची साधारण १,२०० फूट सांगतात, पण ती सलग नाही, टप्प्याटप्प्यांची. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा कडा झाला. टणक थर टिकून राहिले, ठिसूळ थर झिजत गेले, म्हणून पायऱ्या पडल्या. माथ्यावरून जेमतेम पहिली पायरी दिसते. सगळे टप्पे बघायचे तर मुरबाडच्या बाजूनं पायथ्याशी जावं लागतं, तो निराळा दिवस. पश्चिमेचा वारा कड्यावर आपटून वर चढत असेल, तर पडणारं पाणी फवारा होऊन उलटं अंगावर येतं. त्या क्षणासाठी मी पुन्हा साडेचारला उठेन.

आता धोक्याचं, कारण निवड खरं तर यावरच करायची. एका जुलैत आम्ही काळूच्या माथ्याकडे जाताना जो ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला, तोच परतताना मांडीपर्यंत आला होता. आमच्या डोक्यावर पाऊसही नव्हता. तो वर कुठंतरी पडून गेला होता. वाटाड्याने बसायला लावलं. दीड तास आम्ही भिजलेल्या कातळावर बसून राहिलो, पाणी उतरलं तेव्हा निघालो. त्याचं ऐकलं नसतं तर काय झालं असतं ते ३० जून २०२४ ला भुशी धरणामागे सगळ्यांनी पाहिलं, तिथं एकाच कुटुंबातली पाच माणसं वाढलेल्या प्रवाहात गेली. मढे घाटात निसरडे दगड आहेत, शेवाळ आहे, माथ्यावर कड्याच्या टोकाशी जाण्याचा मोह आहे. पण घाटाची वाट ठळक आहे आणि माथ्यावर आलात की केळद जवळच. काळूवर मागे फिरायचं तर तेच सगळे ओढे पुन्हा लागतात.

म्हणून काळूला जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्यांदा जाऊ नका. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. धबधब्याला पाणी असतं, ओढे नमलेले असतात आणि पठारावर सोनकी आणि तेरडा असतो. गावातला वाटाड्या सप्टेंबरमध्येही घ्या. मढे घाट ऑगस्टमध्येही चालतो, फक्त उपांड्याने उतरायचा बेत मुसळधार पावसात रद्द करा आणि माथ्यावरून परत फिरा. दोन्हीकडे ओल्या कातळावर पकड असलेले बूट हवेत. माझे ॲक्शन कंपनीचे साधे बूट महागड्या बुटांपेक्षा चांगले धरतात.

अंधारबनचं नाव या चर्चेत नेहमी निघतं. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावाहून भिऱ्यापर्यंतची तेरा किलोमीटरची ती वाट देखणी आहे, पण गाडी एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला असता. शिवाय तिचा जीव जंगलात आहे, धबधब्याच्या माथ्यावर नाही.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि वनखातं अशा जागांवर बंदीचे आदेश काढतात, ते आदल्या दिवशी बघून घ्या. काळू ठरलं असेल तर आदल्या रात्री खिरेश्वरच्या वाटाड्याला फोन करा. सकाळी यायचं का, असं विचारू नका, तो भिडेखातर या म्हणेल. आज दुपारनंतर वर किती पडला, एवढंच विचारा.