पहिलं पुस्तक कुठलं? धारप, मतकरी की हृषीकेश गुप्ते

ठाण्याच्या नौपाड्यातलं माझं छोटं वाचनालय रात्री साडेआठला बंद होतं. सव्वाआठला धावत येणाऱ्यांपैकी निम्म्यांची मागणी ठरलेली असते: "काकू, भीती वाटेल असं काहीतरी द्या." मागच्या महिन्यात एक मुलगी आली. राहायला घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. नोकरी ऐरोलीला. म्हणाली, "भुतंबितं नकोत, डार्क हवंय. आणि एकच द्या. शाळा सुटल्यापासून मराठी पुस्तक हातात घेतलेलं नाही. हे जमलं तर पुढे बघू."

तिचं ते "जमलं तर" मी फार मनावर घेते. पहिलं पुस्तक चुकलं की वाचक दुसरं मागायला येतच नाही. कित्येक वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी जी. ए. कुलकर्णींचं 'काजळमाया' काढून दिलं होतं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं पुस्तक, माझं स्वतःचं लाडकं. त्याने ते पंधरा दिवसांनी परत केलं आणि अनामत रक्कमही घेऊन गेला. त्या पुस्तकात काहीच उणं नव्हतं, देण्याची वेळ मात्र चुकली होती. तेव्हापासून आधी विचारते: भीती कुठून यायला हवी?

बाहेरून यायला हवी असेल तर नारायण धारप. धारप १९२५चे, २००८ साली गेले, पण माझ्याकडे सर्वांत जास्त फाटलेली पुस्तकं अजून त्यांचीच आहेत. त्यांच्या गोष्टीत काहीतरी येतं. वाड्यात, तळघरात, एखाद्या चांगल्या माणसाच्या अंगात. ते काय आहे, कुठून आलं, त्याला कसं रोखायचं, याचा माग घेत गोष्ट पुढे जाते. त्यांच्या 'समर्थ'कथांमध्ये तर त्या अमंगळाच्या समोर उभं राहणारा माणूसही असतो. त्यामुळे धारप घाबरवतात, पण एकटं सोडत नाहीत. ज्याला रात्री वाचून झोपायचं आहे, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात किंवा घरात कोणी गेल्यानंतर जे भयकथा मागतात (असे बरेच असतात, आणि मला ते अजिबात विचित्र वाटत नाही), त्यांना मी डोळे मिटून धारप देते.

पण एक गोष्ट आधी सांगून ठेवते. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या १९७५च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे आणि 'शपथ' त्याच्याच १९८६च्या 'इट'वर. इंग्रजीत किंग वाचून आलेल्या वाचकाला हे न सांगता ती पुस्तकं दिली तर तिसाव्या पानावर तो नाराज होतो. सांगून दिली तर वेगळाच आनंद घेतो. परदेशातलं गाव मराठी झालं की त्यातली माणसं कशी बोलायला लागतात, देवघर कुठे येतं, भीतीपुढे तुळशी-अंगारा कसा उभा राहतो, हे बघण्यासारखं आहे. तरीही अशा वाचकाला मी आधी धारपांच्या लघुकथा देते. तिथे ते जास्त मोकळे आहेत.

माझ्याकडची 'शपथ'ची प्रत खाकी कागदाच्या कण्यावर उभी आहे. तीनदा बाइंडिंग झालंय. मधल्या एका पानाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलंय: "इथे थांबा. पुढचं सकाळी वाचा." खाली दुसऱ्या अक्षरात: "सकाळी वाचलं. तेवढंच लागलं." पुस्तकावर लिहिणाऱ्यांना मी एरवी दंड करते. हे खोडायला हात उचलला नाही.

भीती घरातून, ओळखीच्या माणसातून, आपल्याच डोक्यातून यायला हवी असेल तर रत्नाकर मतकरी. ही खरी शेजारी ठेवून बघण्याजोगी जोडी आहे आणि माझ्या मते बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. १९३८ साली जन्मलेले मतकरी २०२० साली गेले. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण त्यांनीच लिहिली. लहानपणी ते बालनाट्य बघून खुर्चीत अंग चोरून बसलेली मुलं आता तिशी-चाळिशीत माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना त्याच माणसाच्या गूढकथा देताना मला खूप बरं वाटतं.

धारपांकडे वाडा लागतो, मतकरींना दोन खोल्यांचं बिऱ्हाड पुरतं. नवरा-बायको, शेजारी, ऑफिसातला सहकारी, एखादं गप्प मूल. भाषा इतकी साधी की शाळेनंतर मराठी न वाचलेल्यालाही अडखळायला होत नाही. 'खेकडा', 'गहिरे पाणी', 'कबंध', कुठलाही संग्रह उघडा, पहिली दोन-तीन पानं एखाद्या कौटुंबिक गोष्टीसारखी जातात. मग एखादा तपशील चुकतो. कोणीतरी जे बोलायला नको ते बोलतं. काय झालं हे शेवटच्या परिच्छेदात कळतं, कधी शेवटच्या ओळीत. आणि जे कळतं ते भुतापेक्षा वाईट असतं, कारण ते माणसाने केलेलं असतं. "भुतं नकोत, डार्क हवंय" असं आजची मुलं म्हणतात, त्यांना जे हवंय ते मतकरींनी केव्हाच लिहून ठेवलंय.

त्यांचा दोषही तिथेच आहे. शेवटच्या ओळीची वाट बघायची सवय लागली की सहाव्या-सातव्या कथेला वाचक पुढचं ओळखायला लागतो. म्हणून मी सांगते, एका दिवशी एकच कथा. ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास एका कथेला बरोबर पुरतो. संग्रह एका बैठकीत संपवणाऱ्यांचा हमखास विरस होतो, आणि तो मतकरींचा अपराध नव्हे.

धारप आणि मतकरी यांच्यात थोडक्यात निवडायचं तर असं बघा. तुम्हाला पुढे काय होतं यात रस असेल, दोनतीनशे पानं एकाच जगात राहायला आवडत असेल आणि शेवटी दार बंद झाल्याचा आवाज हवा असेल, तर धारप. वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल, माणसांच्या वागण्यात रस असेल आणि गोष्ट संपल्यावर दार किंचित उघडं राहिलेलं चालत असेल, तर मतकरी. एकटे राहणाऱ्यांना मी आधी धारप सुचवते. भरल्या घरात राहणाऱ्यांना मतकरी जास्त लागतात. सगळे झोपल्यावर आपल्या माणसांकडे एकदा बघावंसं वाटतं.

आता "नवीन हवंय" म्हणणारे. त्यांच्यासाठी माझ्याकडे पहिलं नाव हृषीकेश गुप्ते. त्यांची धारपांशी तुलना होते, कारण दोघांकडेही गाव, झाडी, जुनी घरं आहेत. मला ती तुलना अर्धवट वाटते. धारपांच्या गावात संकट बाहेरून शिरतं. गुप्त्यांकडे ते मातीतच मुरलेलं असतं, आणि ते बघत असतं एखादं वयात येणारं पोर, ज्याला आजूबाजूच्या मोठ्या माणसांचं वागणं आणि गावातली भुताटकी सारखीच अगम्य आहे. वास, घाम, पाऊस, शेवाळ, शरीर, सगळं अंगावर येतं. त्यांचं वाक्य लांब असतं, सावकाश वाचावं लागतं. पानामागून पान उलटायची सवय असलेल्यांना सुरुवातीला जड जातं.

त्यांच्यातही क्रम महत्त्वाचा. 'अंधारवारी' हा भयकथांचा संग्रह, सुरुवात इथून. मग 'हाकामारी', लहानशी कादंबरी. 'दंशकाल' जाडजूड आहे. एक कुटुंब, एक गाव आणि त्यातला काळोख. ते भयकथा म्हणून मागू नका, कादंबरी म्हणून न्या आणि महिनाभर ठेवा. आणि एक सरळ सांगते, बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी गुप्त्यांची पुस्तकं नाहीत. "माझा मुलगा खूप वाचतो" म्हणणाऱ्या पालकांनाही मी नाही म्हणते. त्या वयाला धारपांच्या लघुकथा भरपूर होतात.

हाकामारी म्हणजे रात्री दारावर हाक मारणारं भूत, हे मला घणसोली गावातल्या एका वाचक बाईंनी सांगितलं, पुस्तक यायच्या खूप आधी. त्यांची आजी रात्री दारावर कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ द्यायची नाही. ओळखीचा आवाज असला तरी नाही. पुन्हा हाक आली, की मग कडी काढायची. "आता आमच्या घराला डोअरबेल आहे," त्या म्हणाल्या, "पण पहिल्या बेलला मी अजून उठत नाही." नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं, सेक्टरांना आकडे पडले. पण गावठाणं आहेत तिथेच आहेत, आणि हडळ, मुंजा, गिरा, चकवा हे शब्द तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून आहेत. म्हणून "नव्या शहरातल्या माणसाला गावाकडची भयकथा कशी लागेल?" या शंकेला माझ्याकडे थारा नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून संध्याकाळी उशिरा उतरलेल्या कुणालाही विचारा, चकवा समजावून सांगावा लागत नाही.

जी. एं.बद्दल थोडंसंच. त्यांना भयकथाकार म्हणणं मला पटत नाही, पण 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांइतका काळोख मराठीत मी दुसरीकडे वाचलेला नाही. तिथे घाबरवणारं कोणी येत नाही. माणूस चालत राहतो आणि जे व्हायचं ते होतं. हे तिसरं किंवा चौथं पुस्तक म्हणून न्या, शांत आठवड्यात. पहिलं म्हणून नको, त्या मुलाची अनामत मला अजून आठवते.

वाचायचं की ऐकायचं, हेही आता सगळे विचारतात. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल अ‍ॅप २०१७ साली भारतात आलं आणि माझे निम्मे वाचक कान देऊन वाचायला लागले. मला त्याचा राग नाही. कथानक धावतं असलं की ऐकायला उत्तम, म्हणून धारप ऐकावेत. मतकरीही चालतात, पण शेवटची ओळ ट्रेनच्या घोषणेत हरवली तर सगळी कथाच हरवते. गुप्ते आणि जी. ए. मात्र कागदावरच. तिथे एक वाक्य पुन्हा वाचायला मागे जावं लागतं, आणि कानाने मागे जाणं फार कटकटीचं. अगदी नवी नावं हवी असतील तर दिवाळीत 'धनंजय'सारखा रहस्य-गूढाला वाहिलेला अंक घ्या. सगळ्याच कथा चांगल्या निघत नाहीत, पण दोन-तीन लेखक हाती लागतात आणि मग वर्षभर त्यांचा माग काढता येतो.

विकत घ्यायचं की वाचनालयातून न्यायचं, यात मी तटस्थ नाही. तरी सांगते, धारपांच्या नव्या आवृत्त्या साकेत प्रकाशनाने काढल्या आहेत, त्या सहज मिळतात. जुनं, दुर्मीळ काही शोधायचं असेल तर माझ्याकडे येण्याआधी स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ सालची संस्था आहे, तिथल्या कपाटांपुढे माझी चार कपाटं काहीच नाहीत. गुप्ते मात्र विकत घ्यावेत. लिहित्या लेखकाचं पुस्तक विकलं गेलं तर त्याचं पुढचं येतं.

त्या मुलीला मी 'गहिरे पाणी' दिलं. घरात आई-वडील, आजी, धाकटा भाऊ. रोजचा ठाणे-ऐरोली प्रवास. मराठी वाचनाची सवय तुटलेली. मतकरीच. तिने उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, "हे तर साधंच आहे," म्हणाली आणि पिशवीत टाकलं.

पाचव्या दिवशी रात्री पावणेबाराला तिचा मेसेज आला. "काकू, आजी रोज झोपायच्या आधी माझ्या खोलीत डोकावून जाते. आज पहिल्यांदा ती का डोकावते असा विचार आला. पुस्तक उद्या परत करते. पुढचं काढून ठेवा."

मी सकाळी 'अंधारवारी'त तिच्या नावाची चिठ्ठी घालून ठेवली.