सहावी-सातवीला 'दुसऱ्यांच्या गोष्टी' वाचून दाखवल्या: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जून ते फेब्रुवारी, दर शनिवारी शेवटचा तास. शाळा दापोली तालुक्यात, समुद्राकाठी. वर्गात कोळ्यांची, कुणब्यांची, कोकणी मुसलमानांची पोरं आणि दोन नेपाळी. पोरांना इतर समाजांविषयी आदर वाटावा म्हणून गोष्टी वाचायच्या, एवढंच डोक्यात होतं.

पहिले दोन महिने पूर्ण फुकट गेले हे आधी सांगते. मी सणांचे तक्ते लावले, ईदला शिरखुर्मा, नाताळला केक, आणि त्याबरोबर छोट्या गोड गोड गोष्टी ज्यात सगळेच चांगले असतात आणि शेवटी सगळे मिळून जेवतात. पोरं माना डोलवायची नि बाहेर पडल्यावर एकमेकांना तेच जुने शब्द वापरून चिडवायची. म्हणजे तक्ता पाठ, बाकी काही नाही.

दिवाळीनंतर इकडे आंब्याच्या बागांवर नेपाळी राखणदार येतात. तेव्हा टागोरांची 'काबुलीवाला' काढली, १८९२ सालची गोष्ट, मला वाटलं जुनी आहे, कंटाळतील. पण त्यातल्या छोट्या मिनीला वाटतं ना की त्या काबूलच्या फेरीवाल्या रहमतच्या झोळीत दोन-तीन जिवंत पोरं आहेत, तिथे मागच्या बाकावरून आवाज आला, "आमची आजी पण सांगते गुरख्याच्या वाटेला जाव नको, पोत्यात घालून नेईल." सगळा वर्ग हसला आणि मग एकदम गप्प झाला, कारण ज्यांचे बाप बागेवर राखणीला आहेत ती दोघं तिथेच बसलेली. मी काही बोलले नाही, पुढे वाचत राहिले. रहमत शालीचे पैसे बुडवणाऱ्याला सुरा मारतो, तुरुंगात जातो. यावर अर्धा तास भांडण! "मग तो वाईट ना बाई?" "पैसे कोणी बुडवले आधी?" शेवटी तो मळका कागद काढतो, काजळीने उठवलेला लेकीच्या हाताचा ठसा, तेव्हा कोणी भांडत नव्हतं. माझ्या मते ही गोष्ट चालली ती त्या सुऱ्यामुळे. रहमत देवमाणूस असता तर पोरांनी त्याला पण तक्त्यावर चिकटवून टाकलं असतं.

आता माझी चूक. पुढच्या शनिवारी मी उत्साहात त्या दोघांतल्या एकाला उभं केलं, "तुमच्याकडे कसं असतं ते सांग वर्गाला." तो खाली बघत राहिला. नंतर व्हरांड्यात मला म्हणाला, "बाई, मी हर्णैलाच जन्मलोय." लाज वाटली हो. तेव्हापासून नियम केला, कोणाला प्रतिनिधी करायचं नाही, घरात रात्री सांगतात ती गोष्ट ज्याला सांगावीशी वाटेल त्याने सांगायची. तो जानेवारीपर्यंत बोलला नाही, मग बोलला, आणि गोष्ट कसली तर बंदरातल्या भुताची.

'श्यामची आई' घ्यायची की नाही यावर मीच अडले होते. साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यात, पुस्तक १९३५ सालचं, घरोघरी आहे, मग त्यात 'दुसरं' काय? पण त्यात आई श्यामला सांगते की त्या म्हाताऱ्या महारणीला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. मी लहानपणी हे वाचून सरळ पुढे गेले होते. सातवीतल्या मुलीने हात वर केला, "मदत केली तर आंघोळ कशाला?" उत्तर देताना मी अडखळले, खरं सांगते. नंतर कळलं की अडखळले तेच बरं, कारण दोन-तीन पोरांनी घरी जाऊन आजी-आजोबांना तोच प्रश्न विचारला.

बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, कहाणी पण चालली, अलिबागजवळ नौगावला जहाज फुटलं नि सात बाया सात पुरुष वाचले म्हणतात ती. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, हे पोरांना भारी आवडलं, "आपण शनिवारीच वाचतो, आपण पण सुट्टी घेऊ." आडनावं पेणकर, रोहेकर, केहीमकर ऐकून तर, "हे तर आपलेच कर!" आमच्यात एक मुसलमान मुलगी दाभोळकर आहे, ती लगेच मागे वळून बघायला लागली सगळ्यांकडे, ऐटीत.

त्रास म्हणाल तर पुस्तकं. पावसाळ्यात बुरशी येते, कपाटात कडुलिंबाचा पाला टाकून पण येते, मग मी फोटोकॉपी काढून प्लास्टिकच्या फाइलीत ठेवल्या. एका गोष्टीला चाळीस मिनिटं पुरत नाहीत, घाईत वाचली तर वाया गेली समजा. आणि एक पालक येऊन विचारून गेले, "हे परीक्षेला येतं काय वो?" नाही म्हटलं तर म्हणाले, मग पोरगी रोज जेवताना आम्हा नवरा-बायकोला गोष्ट सांगत बसते ती कशाला. मी विचारलं कुठली. म्हणाले, ती काबुलीवाल्याची, आता आमची आई पण ऐकते.

जूनला परत चालू करतेय. तक्ते काढून टाकलेत, भिंतीवर खिळे तेवढे राहिलेत.