व्हिएन्ना ते १९१४ : चोवीस लेक्चरचा ऑडिओ कोर्स ऐकून संपवला, पाचपैकी साडेतीन

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बड्या सत्तांनी एकमेकांच्या नरड्याला न लागता दिवस कसे काढले, यावरचा कोर्स आहे. नाव सांगत नाही कारण खाली थोडं खडसावलंय पण. घेताना वाटलेलं की बॉल डान्स आणि ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख याच्या लफड्यांचे किस्से असतील, तसं थोडं आहे, पण खरी मजा निघाली कंटाळवाण्या वाटणाऱ्या मीटिंगांमध्ये.

लढाईत जिंकले आणि तहात हरले असं आपण म्हणतो ना, फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याचं बरोबर उलटं. नेपोलियनचा फ्रान्स हरलेला, चार जेते (ब्रिटन, ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया) आपसात सगळं ठरवायला बसलेले आणि हा गडी १८१४ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या परिषदेला पोचून पहिल्याच बैठकीत विचारतो की कागदावर हे 'मित्रराष्ट्रं' काय लिहिलंय, मित्र कुणाविरुद्ध, युद्ध तर संपलं ना? पुढे रशियाच्या झारला पोलंड हवं, प्रशियाला सॅक्सनी हे जर्मन राज्य अख्खं हवं यावरून जेत्यांचंच इतकं फाटलं की ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन आणि ऑस्ट्रियाने चक्क फ्रान्सशी गुप्त करार केला! शेवटी प्रशियाने सॅक्सनीचा साधारण दोन पंचमांश लोकसंख्येचा भाग घेऊन गप्प बसणं पसंत केलं. हे लेक्चर मी दोनदा ऐकलं, सोबतच्या पीडीएफमधला सॅक्सनीचा नकाशा उघडून ठेवून ऐका, रेघ कुठून गेली ते बघितलं की भांडण नीट कळतं.

दुसरं भारी लेक्चर मानपानावरचं. १६६१ मध्ये लंडनच्या रस्त्यात कुणाची बग्गी पुढे यावरून फ्रेंच आणि स्पॅनिश राजदूतांच्या माणसांत मारामारी होऊन माणसं मेली होती. व्हिएन्नात यावर तोडगा काय तर राजदूतांचे दर्जे ठरवा आणि एकाच दर्जाच्या लोकांत जो आधी आल्याची रीतसर नोंद झाली तो सीनियर, विषय संपला. आजही ज्येष्ठता साधारण त्याच धर्तीवर लावतात.

वॉटर्लूला नेपोलियन पुन्हा हरल्यावर फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकचा दंड आणि दीड लाख परकी सैन्य जास्तीत जास्त पाच वर्षं, हे ऐकून वाटतं की झालं, आता सूड. पण १८१८ मध्ये जर्मनीतल्या आखेनला बसून सैन्य काढून घ्यायचं ठरलं आणि फ्रान्सला परत पंगतीत घेतलं. माझ्या मते अख्ख्या कोर्सचा गाभा हाच.

आता राग. लेक्चर देणारे सर मेटर्निखच्या प्रेमात आहेत. १८२० ला ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशियाने त्रोपाऊच्या परिषदेत ठरवलं की उठाव झाला तर बाहेरून सैन्य घालून मोडायचा, १८२१ ला ऑस्ट्रियाने नेपल्समध्ये ते केलंसुद्धा, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे याला हे मुळीच मान्य नव्हतं, आणि सर म्हणतात 'स्थैर्य'. अहो कुणाचं स्थैर्य? १८३०-३१ चा पोलिश उठाव रशियाने चिरडला त्याला दोन वाक्यं! क्रिमियाच्या युद्धाला अर्धं लेक्चर, आणि १८७८ च्या बर्लिन काँग्रेस या परिषदेत महिन्याभरात बाल्कनची वाटणी झाली, बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला, तेही घाईघाईत उरकलंय.

शेवटचं लेक्चर मात्र परत जमलंय. १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं चालू असताना ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री ग्रे याने लंडनला राजदूतांना एकत्र बसवलं आणि बड्या सत्ता आपसात भिडल्या नाहीत, म्हणून १९१४ च्या जुलैमध्ये त्याने परत तेच सुचवलं, तर बर्लिनने नाही म्हटलं. इथे सर एकदम हळू बोलतात, पार्श्वसंगीत पण नाही, बरं वाटलं.

ॲपबद्दल बोलायचं तर बंद करून उघडलं की लेक्चर पहिल्यापासून, चाळीस मिनिटांतलं आपलं ठिकाण आपणच शोधायचं. ट्रान्सक्रिप्टमध्ये तालेराँचं स्पेलिंग तीन प्रकारे आहे. आणि सर्टिफिकेटच्या क्विझमध्ये विचारलंय की व्हिएन्नाच्या अंतिम करारावर सह्या वॉटर्लूच्या आधी झाल्या की नंतर. मी 'आधी' टिक केलं, ९ जूनला सह्या, १८ जूनला लढाई, खुद्द सरांनीच सातव्या लेक्चरमध्ये सांगितलंय, तर क्विझ म्हणते चूक. मेल टाकलाय, दोन आठवडे झाले.