मोडका खुर्ची, उघडी दार: जर्मनसाठी खेळाचं ॲप की अंकीचे पत्ते?

ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरच्या लोकलने जायला साधारण अर्धा तास, यायला तेवढाच. ऐरोली-घणसोलीला उतरणाऱ्यांच्या वाट्याला त्याहून कमी. एवढ्या वेळात जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिली, पातळी गाठायची तर फोनवर मुख्यतः दोन रस्ते आहेत. एक, रोजची साखळी, गुण आणि जीव मोजणारं खेळाचं ॲप. दुसरा, स्वतः बनवलेले अंकीचे पत्ते. साखळी म्हणजे न चुकवता केलेल्या दिवसांची मोजणी, जीव म्हणजे चुकलं की कमी होणारी संधी. आणि अंकी म्हणजे पुढे प्रश्न, मागे उत्तर असे पत्ते विसरायच्या बेताला पुन्हा समोर आणणारं ॲप.

ॲपचं श्रेय आधी देतो. पहिले तीन-चार आठवडे त्याला तोड नाही. काही ठरवावं लागत नाही, उघडलं की धडा समोर. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी विचारत असाल तर पुढचं वाचूही नका, ॲपच घ्या. जपानीच्या हिरागाना-काताकाना या लिप्या गिरवायलाही तेच बरं. साखळीचा जाच असतो खरा. रात्री पावणेबाराला आधीच पाठ झालेला सोपा धडा उरकायचा, साखळी शाबूत आणि जर्मन होतं तिथेच. पण तो जाच अंगावर न घेणारेही असतात.

माझं मन उडालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मराठीतून जर्मन शिकवणारा धडा बहुतेक मोठ्या ॲपांत नसतोच, मध्ये इंग्रजी येते. जर्मन वाक्य बरोबर कळलेलं असतं, पण इंग्रजीत उतरवताना 'अ'च्या जागी 'द' पडला की लाल पट्टी आणि एक जीव गेला. शिकायला बसलो जर्मन आणि नापास होतोय इंग्रजीत! बरं, चिडचिड गिळली तरी नुकसान उरतंच. 'मला थंडी वाजतेय' हे जर्मनमध्ये 'मिअर इस्ट काल्ट'. 'मिअर' म्हणजे सरळ आपलं 'मला'. इंग्रजीच्या वाटेने गेलात की तोंडात येतं 'इश बिन काल्ट', आणि त्यातून 'मी थंड काळजाचा माणूस आहे' असा काहीसा अर्थ निघतो. 'दास गेफेल्ट मिअर', 'ते मला आवडतं', याचंही तेच. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजीवाले डोकं धरतात. आपण जन्मभर क्रियापद शेवटीच ठेवत आलोय.

आकडे बघा. एकवीस म्हणजे 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. एकक आधी, दशक मागून. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मन शिकताना जुनं 'एकवीस'च कामाला येतं.) 'त्स'साठीही वेगळी कसरत नको, 'चूक'मधला च उच्चारा, झालं.

पत्त्यांचा खरा फायदा हाच, की पुढची बाजू मराठीत ठेवता येते. आणि जर्मन नामाआधी लिंगाप्रमाणे लागणारे डेअर-डी-दास तर आपल्या तो-ती-तेचे सख्खे भाऊ, फक्त वाटणी वेगळी. खुर्ची 'डेअर श्टूल', म्हणजे तो. दार 'डी ट्यूर', ती. खिडकी 'दास फेन्स्टर', ते. पत्त्यावर नुसतं 'खुर्ची' लिहू नका, 'मोडका खुर्ची' लिहा. 'उघडी दार', 'फुटकं खिडकी', 'तापलेली सूर्य', 'आंबट दूध'. शेवटचं चुकलं, बघा: दूध 'डी मिल्श', ती, पण 'आंबट' लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे पत्ता मुका राहतो. तिथे 'नासकी दूध' हवं. विशेषण बदलणारंच निवडायचं. कानाला जे खटकतं ते विसरत नाही, आणि गाडीत उभ्या-उभ्या हसू येतं ते वेगळं. मुलगी 'दास मेटशेन', 'हुशार'ने काम भागत नाही, 'शहाणं मुलगी' म्हणा. शेवटी 'शेन' असलेले असे लाडाचे शब्द सगळे 'दास', 'उंग'ने संपणारी नामं जवळपास सगळी 'डी'. एवढ्यांना पत्ते लागतच नाहीत.

मराठी एका ठिकाणी दगा देते. 'हाल्प त्सेन'मध्ये दहाचा आकडा ऐकून आपण साडेदहा धरतो. ते साडेनऊ असतं, दहाकडे अर्ध्या वाटेवर. याचे चार-पाच पत्ते वेगवेगळ्या वेळांचे करा, एकाने भागत नाही.

आता मांडणी. अंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात. रोजचे नवे पत्ते मुळात २० असतात, ते आधी ८ वर आणा. २० ठेवले तर महिन्याभरात उजळणी दिवसाला दीडशे-दोनशेच्या घरात जाते आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात. ८ नव्यांवर साठ-ऐंशी पत्ते होतात, दहा सेकंदांचा एक धरला तर कोपरखैरणे स्टेशनच्या आत संपतात. दुसरी चूक बटणांची. उत्तर आठवलं नाही तर 'अगेन'च दाबायचं. लाज वाटून 'हार्ड' दाबलं की अंकी ते 'आठवलं, पण कष्टाने' असं धरतं आणि पत्ता पुढे ढकलतं. एखादा पत्ता आठ वेळा चुकला की अंकी त्याला 'लीच' अशी खूण लावतं, आणि सेटिंग तसं असेल तर बाजूला काढून ठेवतं. तो परत आणायचा नाही, वाक्य बदलून नवा करायचा. फोनमध्ये जर्मन आवाज आधी उतरवून घेतलात तर नेटशिवाय ऐकू येतं. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सगळं चालतं. ॲपमधले शब्द जुळवायचे तुकडे गर्दीत नेमके भलतीकडे पडतात. इंग्रजीतले तयार गठ्ठे हजारांनी मिळतात, पण ते घेतलेत तर पुन्हा तीच इंग्रजी मध्ये आली.

पत्त्यांची उणी बाजू लपवत नाही. रोज ८ पत्ते बनवायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि पहिले दहा दिवस कंटाळवाणे असतात. तेवढी चिकाटी नसेल तर ॲप परवडलं, निदान रोज उघडलं तरी जातं. आणि बोलणं दोन्हीत येत नाही, त्याला शनिवार-रविवारचा वर्ग किंवा सोबती हवाच.

गोएथे-इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची ए-वन परीक्षा द्यायची असेल तर तोंडीत स्वतःची ओळख करून देताना नावाचं स्पेलिंग आणि फोन नंबर असं काही विचारतात. तिथे इंग्रजी पुन्हा आडवी येते. 'ई' म्हटलं की परीक्षक आय लिहितो, कारण जर्मनमध्ये 'ई' हा आय अक्षराचा उच्चार, आणि ई अक्षराचा उच्चार 'ए' आहे. जे म्हणजे 'योट', व्ही म्हणजे 'फाउ', डब्ल्यू म्हणजे 'वे'. जोशी असाल तर 'योट-ओ-एस-हा-ई'. आडनावाचा पत्ता पहिल्याच दिवशी करा, आणि फोन नंबरचा त्याच्या मागोमाग.